पाऊण चित्र

काठीच्या होळीची एक व्हीएचएस चित्रफीत आमच्या विभागाच्या कपाटात आहे. तालुक्याच्या गावी लग्नांची शूटिंग करणाऱ्या कोणा छायाचित्रकाराने १९९७ च्या मार्च महिन्यात ती घेतली आणि एका निवृत्त शिक्षकांच्या ट्रंकेतून ती आमच्या हाती आली. पदव्युत्तर वर्गाला आदिवासींचे मौखिक साहित्य शिकवताना आम्ही होळीच्या गाण्यांवर तासन्‌तास बोलतो, आणि ती गाणी ज्या अंगणात, ज्या वेषात, ज्या पावलांवर गायिली जातात ते मात्र विद्यार्थ्यांच्या कल्पनेवर सोडतो. ही उणीव भरून काढावी म्हणून गेल्या वर्षी ती फीत आम्ही एका स्टुडिओत डिजिटल करण्यासाठी दिली. आठवड्याने पेन ड्राइव्ह हाती आला. चित्र स्वच्छ, रंग उजळलेले, पडदा काठोकाठ भरलेला. स्टुडिओचालक समाधानाने म्हणाले, ‘जुनं फुल स्क्रीन होतं सर, वाइड करून दिलं. त्याचा वेगळा चार्ज नाही लावला.’

आम्ही ती वर्गात लावली. बावा आणि बुध्या नाचत होते, परंतु त्यांच्या डोईवरचे मोरपिसांचे टोप भुवयांच्या थोडे वर संपत होते. कमरेचे भोपळे आणि घुंगरे दिसत होती, पाऊल दिसत नव्हते. साठ-सत्तर फुटांचा म्हणून ज्याची ख्याती आहे तो होळीचा दांडा शेंड्यावाचून उभा होता. एखाद्या खांबासारखा, जणू त्यावर छप्पर यायचे राहिले आहे. नाच म्हणून जे काही उरले होते ते भुवईपासून मांडीपर्यंतचे होते. पायांवाचूनच्या नृत्याला काय म्हणावे, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. तिला विनोद करायचा नव्हता.

आम्ही मूळ फीत पुन्हा लावून पाहिली. (व्हीसीआर मिळवण्यासाठी किती घरे पालथी घातली, ते येथे सांगत नाही.) मूळ चित्रात टोप होते, पावले होती, शेंडा होता. खालच्या उजव्या कोपऱ्यात कॅमेऱ्यानेच उमटवलेली तारीख होती: २४-३-९७. होळी पौर्णिमेच्या रात्री उभारून पहाटे पेटवण्याची काठीची रीत त्या एका आकड्यावरून सिद्ध होत होती. एका दृश्यात मागच्या भिंतीवरील फलकाची खालची ओळ वाचता येत होती: ‘जि. धुळे’. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीची ही फीत आहे याचा हा दुसरा पुरावा. रूपांतरित प्रतीत तारीखही नव्हती आणि धुळेही नव्हते. काळ आणि स्थळ ही अभ्यासकाची दोन जोखडे एका झटक्यात उतरवून ठेवली होती, आणि तीही मोफत.

हा प्रमाद एकट्या स्टुडिओचा नाही. तो आज सर्वमान्य संकेत झाला आहे, आणि त्या संकेताविरुद्ध आम्हांला लिहायचे आहे.

प्रथम हिशेब. जुन्या दूरचित्रवाणीच्या चित्राची रुंदी आणि उंची ४:३ या प्रमाणात असे. आजच्या पडद्याची ती १६:९ असते. उंची सारखी धरली, तर जुन्या चित्राच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहते आणि तेथे काळ्या पट्ट्या दिसतात. त्या पट्ट्या नकोत असा हट्ट धरला, की जुने चित्र मोठे करून रुंदी भरावी लागते आणि मग उंची पडद्यात मावत नाही. जे मावत नाही ते कापले जाते. किती? बरोबर एक चतुर्थांश. आपल्याकडच्या पाल पद्धतीत दृश्य चित्राच्या ५७६ ओळी असतात. त्यांतील ४३२ उरतात, १४४ जातात. उरलेल्या ४३२ ओळी ताणून १०८० केल्या जातात, म्हणजे मुळात अशक्त असलेले चित्र अडीच पट फुगवले जाते. ‘वाइड करून दिले’ या शब्दप्रयोगात काहीतरी वाढवून दिल्याचा भास आहे. वस्तुतः रुंदीत एक रेषही वाढलेली नसते. जे घडते ते एवढेच, की रुपयातले चार आणे काढून घेऊन उरलेले बारा आणे मोठ्या ताटात पसरून ठेवले जातात.

कापायचे नसेल तर ताणण्याची युक्ती आहे. घरोघरच्या दूरचित्रवाणी संचांनी ती अनेक वर्षे रिमोटच्या एका कळीवर ठेवली होती. तिच्यात माणसे एकतृतीयांशाने रुंद होतात, पौर्णिमेचा चंद्र अंडाकृती होतो. हा प्रकार इतका उघडा आहे की त्याच्यावर शब्द खर्चण्याचे कारण नाही. ज्याला डोळे आहेत त्याला तो कळतो. तिसरी युक्ती वृत्तवाहिन्यांची: मूळ चित्र मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना त्याच चित्राची धूसर, फुगवलेली सावली हलत ठेवायची. हिच्यात मूळ चित्र निदान शाबूत राहते, म्हणून आम्ही तिला कमी दोष देतो, परंतु ज्याच्या अंगणात पाणी शिरत आहे त्या माणसाच्या दोन्ही अंगांना त्याचेच धूसर भूत डोलत ठेवणे यात काय साधते हे आम्हांला अद्याप उमगलेले नाही. काळ्या रंगाची एवढी भीती का वाटावी?

कापण्याचे तसे नाही. ती युक्ती पाहणाऱ्याला कळतच नाही. कापलेले चित्र नेटके दिसते, आधुनिक दिसते, कडा सरळ असतात, चेहरे जवळ येतात. ज्याने मूळ पाहिलेले नाही त्याला काही गमावल्याची जाणीव होण्याचा कोणताच मार्ग नसतो. पोथीचे पान फाटलेले असले, तर संपादक तेथे टिंबे देतो. येथे टिंबे नाहीत. पान फाटले आहे हेच लपवण्यासाठी ही सारी क्रिया आहे.

येथे कोणी चित्रपटांचा दाखला देईल. तो आम्ही टाळू इच्छित नाही, कारण बहुतेक घोटाळा तेथूनच सुरू होतो. रमेश सिप्पींचा ‘शोले’ (१९७५) पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाला आणि मग वरून-खालून कापून सत्तर मिलिमीटरच्या रुंद पडद्यासाठी मोठा केला गेला, हे खरे आहे. परंतु तेथे चित्रीकरण करतानाच पुढची रुंद चौकट मनात धरलेली होती. काय राहणार आणि काय जाणार याचा निर्णय कॅमेऱ्यामागच्या माणसांनी घेतला होता. अमेरिकेतल्या ज्या जुन्या मालिका आज रुंद पडद्यावर दिसतात त्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांतील कित्येक फिल्मवर घेतल्या होत्या, आणि फिल्मच्या दोन्ही कडांना दूरचित्रवाणीने कधी न दाखवलेले थोडे चित्र शिल्लक होते. ते उघडता आले, म्हणून तेथे सगळेच नुकसान नव्हते. तरीही २०२१ मध्ये ‘साइनफेल्ड’ नेटफ्लिक्सवर आली तेव्हा तिच्या एका भागात ज्या खड्ड्याभोवती सारी गोष्ट फिरते तो खड्डाच पडद्याखाली गेला, आणि त्या भागाचे नावच मुळी ‘द पॉटहोल’ होते. ‘द सिम्प्सन्स’चे जुने भाग डिस्ने प्लसने २०१९ मध्ये कापून दाखवले, विनोदाची निम्मी गंमत कडेला रेखाटलेली होती ती गेली. प्रेक्षकांनी गिल्ला केला आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, मूळ चौकट परत आली. विनोदी कार्यक्रमांच्या चौकटीसाठी तेथे लोक भांडले. आमच्याकडे बुडालेल्या गावांच्या चौकटीसाठी अजून कोणी हूं की चूं केलेले नाही.

व्हिडिओ फितीच्या कडेला लपलेले काहीही नसते. चुंबकीय फितीवर जेवढे उतरले तेवढेच आहे. उघडण्यासारखे काही नाही, फक्त गमावण्यासारखे आहे. आणि नंदुरबार जिल्ह्याच्या गेल्या पस्तीस वर्षांच्या इतिहासापैकी जो भाग डोळ्यांनी पाहता येतो, तो प्रामुख्याने व्हिडिओवर आहे.

सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील तेहतीस गावे आली. ती सारी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. त्यांतील पहिले मणिबेली. या गावाचे नाव १९९४ च्या ‘मणिबेली जाहीरनाम्या’तून जगभर गेले. गावालगतचे शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर त्याच वर्षी पाण्यात गेले. डोमखेडीला १९९९ च्या पावसाळ्यात माणसे गळ्यापर्यंत चढत्या पाण्यात उभी राहिली. २००० च्या १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, बांध पुन्हा वाढू लागला. २०१७ च्या जूनमध्ये दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला भरला. ज्या काठावर उभे राहून १९९१ मध्ये कोणी कॅमेरा चालवला होता, तो काठ आज शोधायचा तर पाणबुड्या लागेल.

म्हणून या फितींचे मोल इतर जुन्या फितींहून निराळे आहे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचे १९९२ सालचे चित्रीकरण कोणी कापले, तर रस्ता अद्याप जागेवर आहे. जाऊन पाहता येईल, दुकानदाराला विचारता येईल. मणिबेलीचे तसे नाही. तेथे चित्राला ताडून पाहण्यासारखे मूळ उरलेले नाही. चित्र हेच मूळ.

आता त्या मूळ चित्राची ठेवण पाहा. सातपुडा हा उभा प्रदेश आहे. खाली नदी, तिच्या वर शेताची चिंचोळी पट्टी, त्यावर कुडाची घरे एकमेकांपासून अंतर राखून बसलेली, त्यांच्या वर डोंगराचा कडा आणि आभाळाचा एक तुकडा. नर्मदेच्या काठी उभ्या राहिलेल्या कोणाही कॅमेरावाल्याला हे एकाखाली एक मांडण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ४:३ ची उंच चौकट त्याला साथ देणारी होती. पाणी किती चढले हे दाखवायचे तर पाण्याची रेघ आणि घराची वळचण एकाच चौकटीत हवीत. वर-खाली कापा, पाण्याची रेघ तरी जाते, वळचण तरी जाते. मंदिराचे दृश्य कापा. शिखर जाते किंवा पायरी जाते. बुडिताचा सारा वाद उंचीचा होता: ऐंशी मीटर की नव्वद, एकशे दहा की एकशे बावीस. त्या वादाच्या दृश्य-साक्षीतून आम्ही नेमकी उंचीच काढून टाकतो. ही गोष्ट कोणी मुद्दाम केली असती, तर आम्ही तिला कट म्हटले असते. ती सौंदर्यदृष्टीने केली जाते, म्हणून तिला ‘रिमास्टर’ म्हणतात.

याहून अधिक बोचणारी गोष्ट सभांच्या दृश्यांत आहे. खोऱ्यातल्या सभांचे जे चित्रण ठिकठिकाणी पाहायला मिळते त्याची एक ठरलेली रचना असते. मागे किंवा मध्ये बोलणारा उभा असतो: कार्यकर्ता, अधिकारी, पाहुणा, कधी पत्रकार. पुढे, चौकटीच्या तळाशी, गाव बसलेले असते. पाठमोरे खांदे, फेट्यांचे काठ, मांडीवरचे मूल, हातातली काठी. उभे राहणारे थोडे, बसणारे पुष्कळ. अशा दृश्याचा खालचा भाग छाटला तर कोण जाते हे सांगण्याची गरज आहे काय? संगणकाच्या पडद्यावर कापणारा माणूस सहसा चेहरे वाचवतो; बोलणाऱ्याचे डोके कापले जाऊ नये म्हणून चौकट थोडी वर सरकवतो आणि सारा भार खालच्या कडेवर टाकतो. परिणामी सभा उरत नाही, भाषण उरते.

शहादा परिसरातले कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आपण सर्वजण शिकवतो. ज्यांच्याविषयी बोलले जाते ते मंचावर कधी चढलेच नाहीत, मंचावरचे त्यांचेच दुःख त्यांना सांगत राहिले, हा त्या कवितेचा विषय. त्यावर आम्ही प्रश्न काढतो, दहा गुणांची उत्तरे मागतो. आणि त्याच सत्राला पूरक म्हणून दाखवलेल्या चित्रफितीत मंचाखाली बसलेल्यांना आम्ही स्वतः पडद्याबाहेर ढकललेले असते. हे लिहिताना आम्हांला आमची लाज वाटते. चार वर्षे आमच्या सभागृहातला प्रक्षेपक ‘झूम’ या पर्यायावर लावलेला होता आणि ती गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. सर्वांत जुने माहितीपटही आम्ही त्याच झूममधून दाखवले. अली काझिमी यांचा नर्मदेवरचा माहितीपट १९९४ चा आहे, आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ १९९५ चा. दिग्दर्शकांनी जपून ठेवलेली चौकट आम्ही रिमोटने छाटली, आणि मग विद्यार्थ्यांना ‘कॅमेऱ्याची दृष्टी’ या विषयावर टिपण लिहायला सांगितले.

आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांतील एक आम्हांला गंभीर वाटतो. ‘चौकट म्हणजे मुळातच काटछाट. १९९७ च्या त्या छायाचित्रकारानेही डावे-उजवे कितीतरी वगळलेच होते. मग त्याचे वगळणे पवित्र आणि आमचे अपवित्र, हे कोणी ठरवले?’

पवित्रतेचा येथे संबंध नाही. काठीच्या फितीत एक दृश्य आहे. दांडा उभा राहिलेला आहे आणि छायाचित्रकार त्याला एका चौकटीत घेऊ पाहतो आहे. मावत नाही. तो मागे सरकतो. चित्र हेंदकाळते, कोणाचा तरी खांदा मध्ये येतो, तो आणखी मागे सरकतो, बहुधा उताराच्या वरच्या अंगाला जातो, आणि अखेर बुडापासून शेंड्यापर्यंत सबंध दांडा चौकटीत बसतो. मग पुष्कळ वेळ कॅमेरा हलत नाही. खांद्यावर ते वजन घेऊन, अंधारात, गर्दीत, तो माणूस दांडा आणि माणसे यांचे प्रमाण दाखवण्यासाठी धडपडला. त्याची चौकट म्हणजे त्याचे विधान आहे. तो तेथे उभा होता, त्याने पाहिले आणि निवडले. स्टुडिओतल्या संगणकाने केलेली छाटणी ही कोणाचीच निवड नाही. पडद्याच्या कारखान्यात ठरलेले एक प्रमाण तिला तसे करायला लावते. त्या प्रमाणाचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. दूरचित्रवाणीची चौकट १.३३ आणि त्या काळच्या सर्वांत रुंद चित्रपटांची २.३५, या दोन टोकांचा भूमितीय मध्य काढला की १.७७ येतो. १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने सुचवलेल्या या तडजोडीतून १६:९ जन्माला आले. सर्व तऱ्हेची चित्रे थोड्याथोड्या पट्ट्यांसह एकाच पडद्यावर नांदावीत यासाठीची ही योजना होती. म्हणजे पट्ट्या हा त्या प्रमाणाचा दोष नव्हे. पट्ट्या गृहीत धरूनच ते प्रमाण निघाले. ज्यांना रुंद पडद्याचा अभिमान आहे त्यांना निदान रुंद पडद्याची वंशावळ माहीत असावी.

साहित्याच्या अभ्यासकांना तर ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागू नये. आपल्या भाषेचा संपादनविषयक विवेक जुना आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतरांनी मलिन झालेला ग्रंथ त्यांनी ताडून पाहिला, आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावूनही ठेवले. ज्या भाषेत चारशे वर्षांपूर्वी प्रक्षेपाचा धोका कळत होता, त्या भाषेचे प्राध्यापक आज ओवीचा चौथा चरण उडवून उरलेल्या तिनांना ‘वाचनीय आवृत्ती’ म्हणतील काय? म्हणणार नाहीत. परंतु चित्राची संहिता ही संहिता आहे असे आपल्याला अजून मनापासून वाटत नाही. चित्र म्हणजे सजावट, व्याख्यानाच्या मध्ये घ्यायचा विसावा, अशी आपली समजूत आहे. म्हणून पाठभेदाबद्दल रात्र-रात्र भांडणारे आम्ही चित्राचा चतुर्थांश गेला तरी डोळे मिटून बसतो.

प्रक्षेपाचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. कापणे हा आता जुना आजार झाला. नवा आजार भरण्याचा आहे. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची अशी साधने आली आहेत, जी ४:३ च्या चित्राच्या दोन्ही बाजूंना नवे चित्र रचून जोडतात. आमचे स्टुडिओचालकही परवा उत्साहाने म्हणाले, ‘सर, आता कापायची गरज नाही, साइडला एआयने भरून देतो.’ नमुना म्हणून त्यांनी आमच्याच फितीतले एक स्थिर चित्र भरून दाखवले. डावीकडे आणखी तीन नर्तक उगवले होते. त्यांच्या टोपांना मोरपिसे होती, चेहरे होते, आणि त्यांतील एकही माणूस कधी जन्माला आलेला नव्हता. उजवीकडे एक घर आले होते. कुडाचे, शाकारलेले, अगदी पटण्यासारखे.

हेच यंत्र मणिबेलीच्या किंवा डोमखेडीच्या दृश्यावर चालवले तर काय होईल याचा विचार आम्ही त्या रात्री करीत राहिलो. ज्या गावातल्या घरांच्या मोजणीवरून, कोण बुडितात आणि कोण नाही यावरून, खातेदार कोण आणि अतिक्रमणधारक कोण यावरून माणसांनी आयुष्ये कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर घालवली, त्या गावाच्या चित्रात यंत्र आपल्या मर्जीने एक घर वाढवणार. नसलेले झाड लावणार. पाण्याची रेघ दोन्ही बाजूंनी ओढत नेणार, आणि ती कोठपर्यंत न्यायची हे तेच ठरवणार. पंधरा वर्षांनी एखादा संशोधक ते चित्र घेऊन बसेल आणि घरे मोजील. छाटलेल्या चित्रात निदान खोटे काही नव्हते. भरलेल्या चित्रात खरे कोठे संपते हेच कळणार नाही.

‘नवी पिढी पट्ट्या पाहून चित्र बदलते’ हा दुसरा आक्षेप आम्ही फारसा मनावर घेत नाही. ही पिढी दिवसभर उभा धरलेल्या फोनवर उभी चित्रे पाहते आणि तीच चित्रे दूरचित्रवाणीवर आली की दोन्ही बाजूंना रुंद पट्ट्या मुकाट सोसते. यूट्यूबने २००८ च्या नोव्हेंबरात आपली चौकट १६:९ केली तेव्हापासून तेथली लक्षावधी जुनी गाणी पट्ट्यांसहच पाहिली जात आहेत. पट्ट्या पिढीला खुपत नाहीत. त्या संकलकाला आणि वाहिनीच्या तांत्रिक तपासनिसाला खुपतात. गमतीची गोष्ट अशी, की याच तपासनिसाला जाहिरातीसाठी चित्र दोन्ही बाजूंनी आकसून ‘एल’ आकाराची पट्टी घालताना कधी दुःख होत नाही.

चित्रकर्त्याने स्वतः आपली चौकट बदलली, तर आमची तक्रार नाही. कवी आपल्या कवितेचे पुनर्लेखन करतोच. नव्या रुंद चित्रपटात जुना तुकडा वापरताना एखाद्या दृश्यात वर आभाळच आभाळ असेल आणि दिग्दर्शकाने ते विचारपूर्वक सोडले, तर तेही समजू शकते. फक्त मूळ प्रत जागेवर असावी आणि छाटल्याचे कोठेतरी लिहिलेले असावे. आमचे मागणे मोठे नाही. १९२० रुंदीच्या चौकटीत जुने चित्र १४४० रुंदीचे बसवावे आणि दोन्ही बाजूंना २४० ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. कॅमेऱ्याने उमटवलेली तारीख पुसू नये. फितीवरील चिठ्ठी, डबीवरील अक्षर, मागे लिहिलेला फोन नंबरसुद्धा, छायाचित्र काढून सोबत ठेवावे. आणि डिजिटल प्रत हाती आली म्हणून फीत रद्दीत देऊ नये. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, तळोदा येथल्या किती माळ्यांवर अशा फिती उन्हाळ्यांमागून उन्हाळे तापत पडल्या असतील. लग्नांच्या, जत्रांच्या, मोर्चांच्या, जीवनशाळांच्या बालमेळाव्यांच्या. चुंबकीय फितीचे आयुष्य मर्यादित असते. त्यांतील पुष्कळ आता एखाददुसऱ्या वेळीच चालतील. म्हणजे रूपांतर करणाऱ्याला बहुधा एकच संधी आहे, आणि त्या एका संधीत तो चौथा हिस्सा टाकून देणार असेल, तर ती फीत माळ्यावर कुजलेली बरी असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो.

आमची फीत आम्ही पुन्हा त्याच स्टुडिओत नेली. दुसरा पर्याय जवळपास नव्हता, आणि माणूस प्रामाणिक होता; त्याने जे केले ते आमच्या भल्यासाठीच केले होते. आम्ही त्याला पावलांचे दृश्य दाखवले, तारीख दाखवली, शेंडा दाखवला. त्याने सारे लक्षपूर्वक पाहिले. दांड्याच्या दृश्यापाशी तो थोडा थांबला आणि म्हणाला, ‘शूटिंगवाला हुशार होता हो.’ मग पावतीपुस्तक उघडून त्याने कामाचे वर्णन लिहिले आणि खाली आमची सही मागितली. पावतीवर लिहिले होते: ‘दोन्ही साइडला काळ्या पट्ट्या राहतील. पार्टीच्या सांगण्यावरून. नंतर तक्रार चालणार नाही.’